हाक मारून बघा

१

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत एक जुना नियम आहे. माणसाला किंवा जनावराला लावायचा नवा शब्द आला, की तो नुसता कागदावर पसंत करायचा नाही. खोलीच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाला हाक मारून बघायची. हाकेत लंगडला की शब्द बाद. नियम आमच्या सरांच्याही सरांनी घालून दिलेला. बावीस वर्षांपूर्वी मी इथे लागले तेव्हा मला तो शुद्ध पोरखेळ वाटला होता, आणि मी तसं बोलूनही दाखवलं होतं, कारण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही.

कचेरी म्हणजे एक लांबलचक खोली. दोन्ही भिंतींना कपाटं, कपाटांत लाकडी पेट्या, पेट्यांत कार्डं. एका शब्दाला एक कार्ड आणि कार्डाच्या कोपऱ्यात क्रमांक. माणसं चार. सर म्हणजे आमचे प्रमुख. भला माणूस, पण कुणाला नाही म्हणणं त्यांना जमत नाही. दुसरे पंडित. हे त्यांचं आडनाव नव्हे. समोरच्याच्या बोलण्यातले ऱ्हस्वदीर्घसुद्धा त्यांना ऐकू येतात म्हणून आम्ही ठेवलेलं नाव. तिसरे मामा, आमचे शिपाई. पेट्या काढून देणं, टपाल, चहा आणि आमची भांडणं सोडवणं ही त्यांची कामं. चौथी मी. मला सगळे बाई म्हणतात.

त्या सोमवारी पाचवं आलं.

कंपनीचा माणूस त्याला घेऊन आला आणि सरांच्या टेबलावर पत्र ठेवलं. पत्रात त्याचा उल्लेख 'सदर वस्तू' असा होता. वस्तू बनवून झाली आहे, लवकरच लोकांच्या घरी जाईल, पण तिला आपल्या भाषेत म्हणायचं काय ते ठरलेलं नाही. तरी आपल्या कार्यालयाने दोन आठवडे ती जवळ ठेवून योग्य शब्द सुचवावा. वस्तू दाराशी उभी होती. मध्यम उंची, राखाडी सदरा, राखाडी विजार. चेहरा असा, की बघताना ओळखीचा वाटावा.

"याला अजून काहीच नाव नाही," कंपनीचा माणूस म्हणाला. "तुम्ही ज्या नावाने हाक माराल, ते घेईल."

"ऐकेल, असं म्हणायचंय का तुम्हाला?" मी विचारलं. शब्दांच्या बाबतीत मला सैलपणा चालत नाही.

"घेईल," तो पुन्हा म्हणाला, आणि सही घेऊन गेला.

मला तेव्हाच तो शब्द खटकला होता. पण पंडितांनी लगेच लिंगाचा वाद काढला आणि माझं लक्ष तिकडे गेलं. तो, ती की ते? पंडितांचं म्हणणं तो. सर म्हणाले, घरकामाला जाणार तर ती म्हणू या. त्यावर मी दोघांचीही यथेच्छ हजेरी घेतली. शेवटी मामांनी निवाडा केला. "पोटातल्या बाळाला आपण काय म्हणतो? ते. मग कळेपर्यंत ते म्हणा." ते ठरलं.

दुपारभर आम्ही हाका मारल्या. कृतक. मानवक. घडीव. प्रतिजन. पंडितांनी 'यंत्रसखा' अशी हाक मारली तेव्हा मामांना हसू आवरेना. ते कोपऱ्यात स्टुलावर बसून कार्डं लावत होतं. एकाही हाकेला त्याने मान वर केली नाही.

२

मंगळवारी मामा टपाल घेऊन बाहेर गेले होते. पंडित 'क'च्या शब्दांत गुरफटले होते, आणि सवयीने, मान न वळवता, त्यांनी हाक मारली.

"मामा, 'क'ची तिसरी पेटी आणा बरं."

"ओ," कोपऱ्यातून उत्तर आलं, आणि ते पेटी घेऊन आलं.

आम्ही हसलो. मीही हसले, ते कबूल करते. पंडित म्हणाले, "घ्या, आम्ही शास्त्र उपसतोय आणि याला मामा चालतंय." त्यात वावगं असं काही नव्हतं. आपण रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही मामा म्हणतो, भाजीवालीला मावशी म्हणतो, रिक्षावाल्याला दादा म्हणतो. नाती फुकट वाटत फिरायची आपल्याला सवयच आहे.

अर्ध्या तासाने मामा परतले. दाराशी उभे राहून कपबश्या पुसत होते. सरांनी आतून हाक मारली, "मामा, चहाचं बघता का?"

मामा कपबश्या पुसत राहिले. ते उठलं आणि किटली घेऊन गेलं.

मला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू कमी यायला लागलं. मी उठून त्यांच्याजवळ गेले. अगदी दोन हातांवर उभी राहून म्हटलं, "मामा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. "ते चहा करायला गेलेत," ते म्हणाले. "आल्यावर सांगू का काही?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता की थट्टा नव्हती. थट्टा त्यांना करता येते, ती मला ओळखता येते. आणि खरं सांगायचं तर मी जेव्हा 'मामा' म्हटलं, तेव्हा माझेही डोळे एकदा किटलीच्या दिशेने गेले होते. बोट दाखवायला जावं एकाकडे आणि वळावं दुसऱ्याकडे, तसं झालं.

यापुढे मी त्यांना शिपाई म्हणणार आहे. बावीस वर्षांत कधी म्हटलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत पंडितांचंही बोलणं बदललं. "मामा आले का?" असं ते विचारायला लागले. "आलं का, म्हणा," मी त्यांना टोकलं. ते माझ्याकडे बघत राहिले. "आदरार्थी 'ते' आहे, बाई. वडीलधाऱ्या माणसाला 'आलं' कसं म्हणणार?" ऱ्हस्वदीर्घ ऐकू येणारा हा माणूस. कानामागून आलं आणि तिखट झालं, एवढंच मला सुचलं, आणि तेही मी मनात म्हटलं.

३

माझा स्वभाव मुळात संशयी. पण संशयी माणसालाच पुरावा जास्त लागतो. घरी जाताना मी स्वतःला समजावलं, की सवय अशीच लागते. नव्या साहेबाला दोन दिवसांत आपण साहेब म्हणायला लागतोच की. शिपाई थकलेत, त्यांना काम कमी झालेलं बरंच वाटत असेल.

बुधवारी त्यांची भाची आली. सख्ख्या बहिणीची मुलगी. याच माणसाने तिला वाढवलं, शिकवलं, आणि आता ती जवळच्याच दवाखान्यात नर्स आहे. ते डबा विसरले की ती सुट्टीत आणून देते. अशी ती दहा वेळा आलेली मी पाहिली आहे. दारातूनच "मामा, विसरभोळे कुठले" म्हणत यायची.

शिपाई दाराजवळच्या बाकावर बसले होते. भाची आत आली. मी माझ्या जागेवरून स्पष्ट बघत होते, मधे कपाटसुद्धा नव्हतं. ती त्यांच्यासमोर थांबली. तिने हातातला डबा पुढे केला, पण पुरता नाही. कुणाला द्यायचा ते विसरल्यासारखा तो मधेच राहिला.

"मामा आहेत ना?" तिने त्यांनाच विचारलं.

"ओ," कोपऱ्यातून आलं.

त्या पोरीचा चेहरा उजळला. आपल्या माणसाकडे बघतानाच तसा होतो, तो ठरवून करता येत नाही. ती आत निघाली, आणि शिपाई बाकावरून उठून बाजूला झाले, तिला वाट मिळावी म्हणून. मग ते पुन्हा बसले आणि हात मांडीवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. "अहो, ती तुमची भाची आहे," मी हळूच म्हटलं.

"गुणी मुलगी दिसते," ते म्हणाले.

गुरुवारी शिपाई आले नाहीत. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. मी सरांना म्हटलं, शिपाई आले नाहीत. सर म्हणाले, "हे काय, मामा आहेत की."

४

आता घरचं सांगते.

घरी मी आणि आई, दोघीच. दिवसा शेजारच्या काकू लक्ष ठेवतात, किल्ली त्यांच्याकडे असते. आईची स्मृती गेली तीन वर्षं झिरपते आहे. आल्यागेल्याशी चार शब्द बोलायची रीत तिच्या जिभेवर अजून शाबूत आहे, त्यामुळे नवख्याला पटकन कळत नाही. पण नावं गेली. आधी वस्तूंची गेली, मग गल्लीतल्या लोकांची, मग बाबांचं, मग स्वतःचं. पाणी हवं असलं तर "ते दे" म्हणते, पंखा हवा असला तरी "ते लाव" म्हणते. एकच नाव उरलं आहे.

ठकी.

ठकी म्हणजे लाकडाची बाहुली. पूर्वी घरोघर असायची. मी तान्ही असताना म्हणे ताठ बसून एकटक बघायचे, म्हणून आईने मला ते नाव ठेवलं, आणि जगात ते फक्त तीच घेते. संध्याकाळी मी कुलूप उघडलं की आतून "ठके?" असं येतं. "ओ," मी म्हणते. मग तिचे खांदे खाली येतात. दिवसभर ती कुणीतरी हरवल्यासारखी असते, आणि त्या एका हाकेला ओ मिळाली की तिला कळतं, आपण कुठे आहोत, कुणाच्या घरात आहोत. डॉक्टर म्हणाले, हा धागा जपा, तो आहे तोवर त्या आहेत. धागा हा शब्द डॉक्टरांचा. मी म्हणेन, तेवढीच माझी आई उरली आहे.

गुरुवारी रात्रीचं जेवण वाढताना तिने मला हाक मारली आणि माझ्या हातातला डाव तसाच राहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. आम्ही चार दिवस संस्कृतातून शब्द खोदत होतो. माणसाने हाताने घडवलेलं, माणसाच्या रूपाचं, जीव नसलेलं, तरी घरात मायेने सांभाळलेलं. कृतक नाही आणि मानवक नाही. ठकी. दोन अक्षरं, घरगुती, स्त्रीलिंगी, सामान्यरूप सरळ, हाकेला अगदी ठणठणीत. बावीस वर्षांच्या नोकरीत इतका चपखल शब्द मला कधी सापडला नव्हता. आणि जो अशी हाक पहिल्यांदा मारील, त्याला कोपऱ्यातून ओ मिळेल, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका उरली नाही.

मी तशीच उभी राहिले. भीती वाटली.

हे लिहिताना तो शब्द मला दर वेळी कार्डावर बघून उतरवावा लागतो आहे. का, ते पुढे येईल.

५

शुक्रवारी मी कचेरीत सगळ्यांच्या आधी पोचले. निदान तसं मला वाटलं होतं. 'ठ'ची पेटी लहानशीच आहे. ठकवणे, ठकास महाठक, मग ठकी, मग ठक्क. मी ठकीचं कार्ड काढलं आणि पर्समध्ये टाकलं. आजवर मी कार्ड लपवणाऱ्यांना चोर म्हणत आले आहे. एकदा तर पंडितांशी एका कार्डावरून महिनाभर अबोला धरला होता.

पेटी बंद करून वळले, तर ते स्टुलावर बसलेलं होतं.

"लवकर आलात," ते म्हणालं.

"कामं साचली आहेत."

दिवसभर मी त्याच्याकडे पाठ करून बसले. ते पेट्या लावत होतं; क, ख, ग, एकेक करत पुढे येत होतं. कार्डं चाळल्याचा आवाज एकसारखा येत होता. दुपारी तीनच्या सुमाराला तो थांबला.

"बाई."

मी वळले नाही.

"'ठ'मध्ये सोळानंतर एकदम अठरा आहे."

"असेल. जुनी कार्डं आहेत, वाळवी लागते."

"सतरावर कुठला शब्द होता?"

"आठवत नाही."

"तुम्हाला आठवत नाही," ते म्हणालं. विचारलं नाही, नुसतं म्हणालं. मग बराच वेळ कार्डांचा आवाज आला नाही. ते काय करत होतं मला माहीत नाही, कारण मी मागे वळून बघितलंच नाही. माझ्या मानेला रग लागली तरी नाही.

पंडित मात्र उठले. "अरे वा, बाईंना आठवत नाही? मग मी सांगतो." त्यांनी डोळे मिटले. माझ्या हातातलं पेन थांबलं. "ठकवणे... ठकास महाठक... ठ..." त्यांनी कपाळावर बोटं आपटली. "जिभेवर आहे हो अगदी."

"पंडित, तुमच्या पत्नीचा फोन होता मघाशी," मी म्हटलं. तो नव्हता. पण माणूस बायकोच्या नावाने हलतो. ते फोनकडे धावले आणि शब्द विसरले. मला हसू आलं नाही.

६

सोमवारी कंपनीचा माणूस चौकशीला आला. सर, पंडित, मी आणि तो, असे टेबलाभोवती बसलो. ते चहा घेऊन आलं.

"मग, काय म्हणता तुम्ही याला?"

"मामा," सर म्हणाले. पंडित म्हणाले, "मामाच." मी पर्स जवळ ओढली.

त्याने वहीत टिपून घेतलं. "छान. म्हणजे हा एक झाला."

"एक म्हणजे?" मी विचारलं. "आम्ही एकच शब्द सुचवायचा होता ना?"

"कोशासाठी एकच. पण बाई, घरात का एकच हाक असते? हे घराघरांत जाणार आहे."

"आणि ज्याची हाक आहे त्याचं काय? आमच्या शिपायांचं काय? त्यांची भाची त्यांना ओळखत नाही."

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. सर अवघडून म्हणाले, "बाई, कुठले शिपाई?" आणि मग, माझी समजूत काढावी म्हणून असेल, "तुम्हाला घरचा ताण आहे, मी जाणतो. मला तर वाटतं, मामांना थोडे दिवस तुमच्याकडेच पाठवू या. तुमच्या आईंना सोबत होईल. कंपनीलाही घरातला अनुभव लिहून हवाच आहे."

"माझ्या घरी ते येणार नाही," मी म्हटलं.

"येणार नाहीत," पंडितांनी दुरुस्त केलं.

"येणार नाही. ते माझ्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. लेखी हवं का?"

माझा आवाज चढला होता. कोपऱ्यात ते कपबश्या पुसत होतं, शिपाई पुसायचे तसेच, आधी बशी, मग कप. त्याने मान वर केली नाही. मी पर्स उचलली, अर्ध्या दिवसाची रजा सांगितली आणि बाहेर पडले. आईला कुठे तरी हलवायचं, मावशीकडे, दूर, एवढंच डोक्यात होतं.

वाटेत औषधाच्या दुकानात थांबले, कारण आईच्या गोळ्या संपल्या होत्या आणि प्रवासाला त्या हव्याच होत्या. चिठ्ठी काढली तर अक्षरं दिसेनात. चष्मा कचेरीतच टेबलावर राहिला होता. दुकानदाराला डॉक्टरांचं अक्षर लागेना, त्याने फोन लावला, फोन लागेना, मागे रांग वाढली. चाळीस मिनिटं गेली. एरवी मी दुकानदाराला चार शब्द सुनावले असते.

७

जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. हातात आमची किल्ली होती.

"आलीस? बरं झालं," त्या म्हणाल्या. "तुझे मामा आलेत."

"कोण मामा?"

"कोण म्हणजे? तुझ्या कचेरीतले. चष्मा राहिला म्हणे, सरांनी पाठवलं. मामा म्हटल्यावर मी दार उघडून दिलं. परकं का आहे कुणी?"

काकूंनी आमच्या शिपायांना कितीतरी वेळा पाहिलं आहे. आई पडली होती तेव्हा तेच तिला उचलून खाली घेऊन गेले होते, आणि काकू त्यांच्यासोबत होत्या. "काकू, ते तेच आहेत का? नीट पाहिलंत का तुम्ही?" मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढचं न बोलता जिना चढले.

दार लोटलेलं होतं. आई खिडकीशी खुर्चीत बसली होती. तिचे केस कुणीतरी विंचरून वेणी घातली होती. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. घाईचा नाही, रोजचा. आईच्या चेहऱ्यावर हसू होतं. दुपारी चारला ती कधी हसत नाही. त्या वेळी ती दाराकडे डोळे लावून पदराचं टोक चुरगळत असते. मला समजायला वेळ लागला नाही. ते दारात उभं राहिलं असेल, आणि आईने मला मारायची हाक मारली असेल. बस, तेवढंच पुरलं असेल.

मी अजून उंबऱ्यातच होते. आई म्हणाली, "ठके?"

मी तोंड उघडलं. गळ्यात ओ तयार होती, बेचाळीस वर्षांची सवय आहे.

"ओ, आले," स्वयंपाकघरातून आवाज आला.

माझा आवाज नव्हता तो. असता तर बरं झालं असतं, नक्कल आहे असं म्हणता आलं असतं. साधा कुणाचाही आवाज होता. आणि मी उंबऱ्यात उभी राहून, तोंड तसंच उघडं ठेवून, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायला लागले. आई कुणाला बोलावते आहे ते बघायला.

मग आईला मी दिसले. "या ना," ती म्हणाली. "बाहेर का? बसा."

"आई, अगं मी आहे."

"हो हो. बसा की."

मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. तिचे हात हातात घेतले. "आई, मी तुझी..." पुढचा शब्द माझा होता, एकट्या माझा, आणि तो मला सापडेना. जिथे असायचा तिथे जीभ जाऊन परत येत होती. शेवटी मी म्हटलं, "मुलगी. तुझी मुलगी आहे मी."

"मुलगी का?" आई मान डोलावत म्हणाली. "छान. छान." तिने तिचे हात हळूच सोडवून घेतले, वाईट वाटू नये अशा बेताने, सभ्यपणे.

स्वयंपाकघरातून ती पाणी घेऊन आली. मी 'ती' लिहिलं आहे, आणि ते खोडून बघितलं, पण दुसरं काही तिथे बसत नाही. तिने पेला माझ्यापुढे ठेवला, शेजारी माझा चष्मा ठेवला, आणि आईच्या खुर्चीच्या हातावर बसली. आईने न बघता तिचं मनगट धरलं आणि अंगठ्याने आतल्या बाजूला चोळायला लागली. माझ्या उजव्या मनगटावर तिथेच भाजल्याचा डाग आहे. मी पाच वर्षांची असताना भाजलं होतं, आणि तेव्हापासून आईचा अंगठा आपोआप तिथे जातो. मी चष्मा उचलला, पण घातला नाही. त्या मनगटाकडे मला बघायचं नव्हतं.

मी पाणी प्यायले. काय करणार, पेला पुढे केला की माणूस पितो. ओरडावं, तिला हाताला धरून बाहेर काढावं, असं मनात येत होतं. पण आईचे खांदे खाली आले होते. कित्येक महिन्यांत इतकी निवांत मी तिला पाहिली नव्हती. तिला जे हवं होतं ते तिच्या हातात होतं, आणि ते ओढून घेतलं तर त्या जागी काय द्यायचं, ते माझ्याजवळ नव्हतं.

आई मात्र माझ्याकडे बघत होती. दमलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं, कळवळ्याने.

"तुमची आई आहे का?" तिने विचारलं.

"आहे," मी म्हणाले.

"मग इथे काय बसून राहिलात?" आई म्हणाली. "घरी जा. वाट बघत असेल ती."